तुम्ही विचारलंत म्हणून: १९०० साली कॅन्सर खरंच कमी होता का?

अमेरिकेत १९०० साली लाखामागे ६४ जण कॅन्सरने दगावले, १९३० साली ९७. मग रोग दीडपट झाला ना, असं विचारतात. दीडपट झाली ती नोंद. रोगाचं काय झालं, हे नुसत्या या दोन आकड्यांवरून कळत नाही.

मृत्यूचा दाखला लिहिताना डॉक्टरला दिसायचं ते फुगलेलं पोट, पिवळे डोळे. कारणाच्या जागी 'जलोदर', 'कावीळ', नाहीतर सरळ 'म्हातारपण' पडायचं. जिभेची किंवा स्तनाची गाठ मात्र हाताला लागते. किंग आणि न्यूशोम या ब्रिटिश अभ्यासकांनी १८९३ मध्ये नेमकं हेच धरलं. फ्रँकफर्टच्या नोंदींत त्यांनी सहज तपासता येणारे अवयव आणि आतले अवयव वेगळे काढले, तर वाढ आतल्यांतच निघाली. म्हणजे निदान सुधारलं होतं. (फुफ्फुसाच्या कॅन्सरची पुढची वाढ मात्र खरी होती, तिला हा खुलासा पुरत नाही.)

रकानेही बघा. मृत्यूच्या कारणांच्या १९०९ च्या आंतरराष्ट्रीय यादीत कॅन्सरचे क्रमांक ३९ ते ४५. जठर-यकृत ४०, स्तन ४३. फुफ्फुसाला स्वतंत्र क्रमांकच नाही, ते ४५ मध्ये, 'इतर अवयव'च्या गठ्ठ्यात. ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) तर या घरातच नाही, तो ५३ वर. आजच्या बेरजेशी ताडायचं तर तो आधी मिळवून घ्यावा लागतो.

शिवाय १९०० साली अमेरिकेच्या नोंदणीक्षेत्रात, म्हणजे जिथले मृत्यू या आकड्यांत धरले जायचे त्या भागात, जेमतेम दहा राज्यं, राजधानी आणि काही शहरं होती. टेक्सास आलं १९३३ मध्ये.

सगळ्यात जास्त फसवतं ते वय. समजा, पासष्टीपुढे हजारी ८ आणि त्याखाली हजारी ०.४ मृत्यू. दहा हजारांच्या गावात म्हातारे ५०० असतील तर ४ अधिक ३.८, म्हणजे लाखामागे ७८. म्हातारे १,००० झाले की ८ अधिक ३.६, म्हणजे ११६. कुणाचाही धोका तसूभर वाढलेला नाही! म्हणून प्रत्येक वयोगटाचा दर एकाच ठरावीक लोकसंख्येला लावून मगच बेरीज करायची.

आणि मृत्यूच्या कारणांच्या त्याच आकडेवारीतली 'म्हातारपण' व 'कारण अस्पष्ट' ही घरंही वयोगटांनुसार तपासा. कॅन्सर चढत असताना ती उतरत असतील, तर काही मृत्यू नुसते एका घरातून दुसऱ्यात गेले असण्याची शक्यता दाट.