भुसा पकडणारा ड्रम: पत्रा घ्यावा की प्लास्टिक?

वेंगुर्ल्यात समुद्राच्या इतक्या जवळ सुतारकाम करायचं, तर कुठलीही वस्तू घेताना पहिला प्रश्न एकच: गंजेल का? सायक्लोन सेपरेटर, म्हणजे ओढलेल्या हवेतून भुसा वेगळा करणारा शंकू आणि त्याखालचा ड्रम, करायला घेतला तेव्हाही इथूनच सुरुवात झाली.

मशीन आणि व्हॅक्यूमच्या मधे हा शंकू बसतो. हवा वरच्या कडेने आडवी आत शिरते, गोल फिरत खाली जाते. भुसा भिंतीला लागून घसरत खालच्या ड्रममध्ये पडतो, हवा मधल्या नळीतून व्हॅक्यूमकडे निघते. रंध्याचा कीस, राउटरचा (लाकडात खाचा पाडणाऱ्या मशीनचा) भुसा जवळजवळ सगळा खाली राहतो. सँडिंगची पिठासारखी धूळ मात्र थोडीफार पुढे जातेच, म्हणून फिल्टर आणि मास्क हवाच. लाकडाची धूळ कॅन्सरकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवून ठेवलंय. छंद म्हणून काम करणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

शंकूसाठी जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पत्रा स्वस्त पडतो, वळवायलाही सोपा. पण आमच्या पत्रेवाल्या काकांनी पत्रा हातात घेऊनच सांगितलं, "खाऱ्या वाऱ्यात ह्यो टिकाचो नाय." जस्ताचा थर लोखंडाला वाचवताना स्वतः झिजतो आणि खाऱ्या हवेत भरभर झिजतो. कापलेल्या कडा, रिव्हेटची भोकं, तिथून गंज सुरू होतो. आतून खरखरीत झालेल्या शंकूत भुसा अडकायला लागतो. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस चांगलं, मॉलिब्डेनम या धातूमुळे ३१६ ग्रेडचं त्याहून चांगलं, पण ते वळवून वेल्डिंग करून घ्यायचं तर खर्च फार. मी प्लास्टिकचा तयार शंकू घेतला आणि वाचलेले पैसे ड्रमवर घातले.

खरी परीक्षा ड्रमचीच असते. होज (हवेची नळी) मधेच तुंबला की व्हॅक्यूमची सगळी ओढ ड्रमवर येते. २० किलोपास्कल ओढ आणि ४० सेंटिमीटर व्यासाचं झाकण धरलं, तर एकट्या झाकणावर साधारण अडीचशे किलोचा भार पडतो. रंगाची पातळ बादली तिथे आत चेपते. म्हणून जाड भिंतीचा निळा एचडीपीईचा (टणक प्लास्टिकचा) ड्रम घ्यावा. आपल्याकडे कोकमाचं आगळ साठवलेले असे ड्रम जुने मिळतात. केमिकलचा ड्रम मी स्वस्तातही घेणार नाही. आगळाच्या ड्रममधलं मीठ मात्र पाणी बदलून बदलून धुवायचं, कारण उरलेलं मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि भुशाचा लगदा होतो.

झाकणाला मजबुती म्हणून वरून १८ मिलिमीटर मरीन प्लाय, आयएस ७१० हे मरीन प्लायचं भारतीय मानक छापलेला, कडांना इपॉक्सी. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) नकोच, पहिल्याच पावसाळ्यात फुगतो. नट-बोल्ट स्टेनलेसचे. ड्रमला एका बाजूला अॅक्रिलिकची पट्टी बसवली, भुसा कुठवर आला ते दिसतं; तो शंकूच्या तोंडापर्यंत चढला की सगळा व्हॅक्यूममध्ये जातो.

झाकणाखाली रबरी गॅस्केट नीट बसणं सगळ्यात महत्त्वाचं. ड्रममध्ये बाहेरची हवा शिरली की खाली पडलेला भुसा पुन्हा उडून वर जातो. तपासायला पेटती उदबत्ती जोडांच्या कडेने फिरवायची; धूर आत ओढला गेला तर तिथे गळती आहे. हे सगळं ड्रम कोरा असताना, पहिला भुसा ओढण्याआधीच उरकायचं. भुशाच्या जवळ विस्तव नको.