सपाटपणा आला कुठून?

लेथ, मिलिंग, शेपर या धातू कापणाऱ्या यंत्रांच्या अचूकतेच्या मुळाशी एक सपाट पृष्ठ असतं. ते तपासायला त्याहून सपाट काहीतरी हवं. मग पहिलं सपाट पृष्ठ कशावर तपासलं?

उत्तर आहे बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तीन प्लेटा. यंत्र बनवणाऱ्या हेन्री मॉडस्लीच्या लंडनच्या कारखान्यात ही पद्धत वापरात होती. तिथेच काम केलेल्या इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थने 1840 मध्ये ग्लासगोत ती निबंध वाचून जाहीरपणे मांडली. त्याआधी दोन प्लेटांमध्ये एमरी (घासायची कठीण पूड) घालून त्या एकमेकींवर घासण्याची रीत होती. एमरी सगळीकडे सारखी पसरत नाही, तिचे कण बिडात रुततात, आणि दोन्ही प्लेटा छान जुळल्या तरी एक फुगीर, दुसरी खोलगट निघू शकते. दोनच प्लेटा असल्या की ही लबाडी कधीच उघडी पडत नाही.

तिसरी आली की पडते. प्लेटांना अ, ब, क म्हणू. अ ही कसोटी धरा. तिच्यावर मार्किंग ब्लूचा, म्हणजे खुणेच्या निळ्या रंगाचा, पातळ हात फिरवून ब घासा. निळे लागलेले उंचवटे स्क्रेपरने, म्हणजे खरवडायच्या हत्याराने, काढा. ब जुळली की क सुद्धा अ शीच जुळवा. अ फुगीर असेल तर ब आणि क दोन्ही खोलगट होतील, आणि त्या समोरासमोर आल्या की फक्त कडांना निळा लागेल. चूक दुप्पट दिसते, म्हणून दोन्हींतून निम्मी-निम्मी काढायची. मग अ ला नव्या ब शी जुळवायचं आणि कसोटी बदलत फेऱ्या चालू ठेवायच्या.

एक मेख मात्र उरतेच. पीळ पडलेल्या तीन प्लेटासुद्धा एकमेकींशी जुळू शकतात! म्हणून प्लेटा चौरस घ्यायच्या आणि मधूनमधून एक 90 अंश फिरवून घासायची. पीळ लगेच कोपऱ्यांत दिसतो.

बिघडतं ते बहुधा घाईमुळे. ब्लू जाड लागला की खोलगट जागाही उंचवट्यासारखी रंगते. स्क्रेपर एकाच दिशेने चालवला तर लाटा उठतात; दर फेरीला दिशा बदलायची. ताजं ओतकाम आतल्या ताणामुळे महिनोन्महिने हलतं, म्हणून ते आधी मुरवायचं किंवा भट्टीत ताण काढायचा. प्लेट तीनच टेकूंवर ठेवायची, चौथा टेकू ती वाकवतो. वरची बाजू खालच्यापेक्षा गरम असेल तर प्लेट मध्ये फुगते, त्यामुळे घासून तापलेली प्लेट निवल्याशिवाय तपासण्यात अर्थ नाही.