प्लाझ्मा पेशी डिशमध्ये का टिकत नाहीत?

इम्युनॉलॉजी लॅबमध्ये यायची तयारी करणाऱ्यांचा हमखास प्रश्न असतो: प्रतिपिंडं बनवणारी प्लाझ्मा पेशी शरीरात वर्षानुवर्षं जगते, मग लॅबच्या डिशमध्ये एक-दोन दिवसांत मान का टाकते? कारण तिचं आयुष्य ती जिथे बसते त्या जागेवर अवलंबून असतं.

रक्तातलं आयजीजी (प्रतिपिंडांचा एक मुख्य प्रकार) साधारण ३ आठवड्यांत निम्मं होतं. तरी गोवराची प्रतिपिंडं जन्मभर सापडतात, म्हणजे कुणीतरी ती रोज नव्याने बनवतंय. हे काम अस्थिमज्जेतल्या, विभाजन थांबवलेल्या प्लाझ्मा पेशी करतात, हे १९९७-९८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं.

मज्जेतल्या स्ट्रोमल पेशी, म्हणजे आधार देणाऱ्या पेशी, सीएक्ससीएल१२ हे संकेत देणारं प्रथिन सोडतात आणि त्याच्या मागावर प्लाझ्मा पेशी तिथे पोचते. तिथे एप्रिल हे प्रथिन तिच्या पृष्ठभागावरच्या बीसीएमए रिसेप्टरला चिकटलं की आत एमसीएल-१ हे दुसरं प्रथिन तयार होतं आणि पेशीचा आत्मनाश रोखला जातो. गोम अशी की एमसीएल-१ स्वतः फार अल्पायुषी आहे. बाहेरून येणारा एप्रिलचा संकेत तुटला की काही तासांत ते संपतं, आणि पेशीही त्याच वाटेने जाते.

म्हणून मज्जेचा नमुना त्याच दिवशी वापरा. गोठवलात तर वितळवताना बऱ्याच पेशी मरतात, आणि उरलेल्यांवरचं सीडी१३८ (प्लाझ्मा पेशी ओळखायला वापरतात ते पृष्ठभागावरचं प्रथिन) गळून पडतं. मग सीडी१३८ ला धरणाऱ्या बीड्सनी (बारीक मण्यांनी) वेगळ्या करायला गेलात की हाती फारसं काही लागत नाही. अशा वेळी फ्लो सायटोमेट्रीत (पेशी एकेक करून लेझरने तपासण्याच्या पद्धतीत) सीडी३८ आणि सीडी२७ या पृष्ठभागावरच्या दुसऱ्या खुणांवर भिस्त ठेवा. रक्तातूनच पेशी घ्यायच्या असतील तर बूस्टर डोसनंतरचा सहावा-सातवा दिवस गाठा. एरवी त्या रक्तात फारच तुरळक असतात.

पेशी वाढवायला नुसतं आरपीएमआय (नेहमीचं पोषक द्रव, म्हणजे मीडियम) आणि सीरम पुरत नाही. स्ट्रोमल पेशींवरून काढलेलं मीडियम, त्यात एप्रिल, आणि इन्क्युबेटरमध्ये कमी ऑक्सिजन, असं जमवलं तर मानवी प्लाझ्मा पेशी कित्येक आठवडे टिकतात. मीडियम एकदम सगळं बदलू नका. वरचं अर्धंच काढा, तेही हलक्या हाताने.

जिवंत पेशी मोजून थांबू नका, कारण जगणं आणि स्रवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एलिस्पॉट लावा; या चाचणीत प्रतिपिंड स्रवणारी प्रत्येक पेशी प्लेटवर एक ठिपका उमटवते. त्याआधी पेशी नीट धुवा, नाहीतर मीडियममधलं जुनं प्रतिपिंडच प्लेटवर बसतं आणि पार्श्वभूमी गडद होते. शंका वाटली तर प्लेटच्या काही वेल्समध्ये (खळग्यांमध्ये) सायक्लोहेक्झिमाइड घाला. त्याने नवी प्रथिनं बनणं बंद होतं, म्हणून तिथे ठिपके जवळजवळ नाहीसे व्हायला हवेत. तरीही ठिपके तेवढेच राहिले, तर तुम्ही जुनंच प्रतिपिंड मोजताय.