एरिसमधला शनिवार आणि 2300 लिटरचं गणित

शनिवार, 25 जानेवारी 2025. आदल्या दिवशी पहाटे एओविन वादळ आयर्लंडवरून गेलं होतं. गॉलवे जिल्ह्यात मेस हेडला ताशी 184 किलोमीटरचा झोत नोंदला गेला आणि 1945 सालचा देशाचा विक्रम मोडला. 7 लाख 68 हजार ग्राहकांची वीज गेली. माझं काम घरी ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांना यंत्रं आणि सिलिंडर पोचवण्याचं. माझा भाग म्हणजे मेयो जिल्ह्याचा वायव्य कोपरा, ज्याला एरिस म्हणतात: बँगर एरिस, गीसाला, बेलमलेट, आणि तिथून पुढे ब्लॅकसॉडच्या दीपगृहापर्यंत पसरलेलं मलेट द्वीपकल्प.

घरातलं यंत्र, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, खोलीतली हवा ओढून घेतं, झिओलाइटच्या खड्यांमध्ये नायट्रोजन अडकवतं आणि 90 टक्क्यांहून शुद्ध ऑक्सिजन नळीत सोडतं. मिनिटाला 5 लिटर देणारं यंत्र साधारण 300 ते 350 वॅट खातं. वीज गेली की शिट्टी वाजते आणि यंत्र थांबतं. मग जे काही आहे ते सिलिंडरमध्ये. मोठा एचएक्स सिलिंडर 2300 लिटरचा, एकट्याने जिना चढवताना कंबर धरायला लावणारा. लहान सीडी 460 लिटरचा, खांद्याला अडकवता येतो. लिटर भागिले प्रवाह, इतकंच गणित. मिनिटाला 2 लिटर लागणाऱ्या माणसाला एक एचएक्स 19 तास 10 मिनिटं पुरतो. 4 लिटरवाल्याला 9 तास 35 मिनिटं.

बँगरच्या पलीकडच्या प्रत्येक घरी आम्ही नेहमीच दोन एचएक्स आणि दोन सीडी ठेवतो. गुरुवारी, इशारा आल्यावर, 3 लिटर किंवा त्याहून जास्त प्रवाह असलेल्या सगळ्यांना फोन करून जादा सिलिंडर दिले होते. शुक्रवारी रेड वॉर्निंग असताना कोणी रस्त्यावर उतरायचं नव्हतं. एरिसची वीज पहाटे 5 च्या सुमारास गेली असं धरून शनिवारी माझ्या हातात नऊ घरांची छापील यादी होती, जास्त प्रवाह वर, कमी प्रवाह खाली. यादी छापील होती हे फार बरं झालं. मोबाईलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या काही तासच टिकतात आणि फायबरवरचा घरचा फोनही मोडेमला वीज नसली की मुका. म्हणजे कोणालाही फोन करून विचारायची सोय नव्हती.

साडेसहाला कॅसलबारहून निघालो. नेहमीचा रस्ता आर312, ग्लेनआयलंड आणि बेल्ट्राच्या तळ्यावरून कीनाकडे आणि मग बेलाकोरिक. कीनाच्या अलीकडे सिटका स्प्रूसची लागवड आहे. ही झाडं ओल्या पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदलीच्या मातीत, उथळ मुळं धरतात, म्हणून वाऱ्यात मुळांच्या थाळीसकट उलटतात. अंधारात हेडलाइटमध्ये आधी मुळांची ती उभी भिंतच दिसली. दोन शेतकरी ट्रॅक्टर आणि चेनसॉ घेऊन आले होते, पण फांद्यांत वीजवाहक तार गुंतली होती. तार मेलेली दिसली तरी ती जिवंतच धरायची, कारण दुरून कोणी लाइन पुन्हा चालू करू शकतं, किंवा एखाद्या घरातला चुकीचा जोडलेला जनरेटर उलटा करंट सोडू शकतो. तिघेही मागे सरलो. मी गाडी वळवली.

ही गोष्ट या किनाऱ्यावर काम करणाऱ्याने पाठच करावी: वादळानंतर जवळचा रस्ता शोधू नका, बिनझाडांचा रस्ता शोधा. न्यूपोर्ट, मलरनी, बॅलीक्रॉय असा एन59 जास्त लांबीचा आहे, पण मलरनी सोडलं की बँगरपर्यंत बहुतेक उघडी दलदल आणि डावीकडे समुद्र. पडायला झाडंच नाहीत. लाकडी खांब कलले होते, कुंपणं मोडल्यामुळे मेंढ्या डांबरावर बसल्या होत्या, पण गाडी गेली. पीटवर बांधलेला रस्ता लाटांसारखा वरखाली होतो, त्यामुळे सिलिंडरचे पट्टे बॅलीक्रॉयला थांबून पुन्हा आवळले. सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा उजेडाचे तास मोजूनच मिळतात. बँगरला 9 च्या सुमारास पोचलो आणि यादीतलं पहिलं घर, 4 लिटरवालं, वीस मिनिटांत आटोपलं.

बँगरहून आर313 ने पुढे गेलं की थोड्याच अंतरावर गेल्टाख्त सुरू होतो, म्हणजे आयरिश भाषा बोलली जाणारा सरकारमान्य प्रदेश. 2005 पासून तिथल्या पाट्यांवर फक्त आयरिश नावं असतात. माझ्या यादीत बेलमलेट. पाटीवर बेल अन व्हुरहेद. यादीत कॅरोटीग, पाटीवर कॅहरू हाइग. नवा माणूस इथे हमखास चुकतो. मी आल्यापासून गाडीत एक वही ठेवली आहे, तिच्यात पाटीवरचं नाव आणि त्याचा उच्चार देवनागरीत लिहितो. देवनागरी या कामाला इंग्रजी लिपीपेक्षा कितीतरी बरी. आयरिशमध्ये बीएच आणि एमएच दिसलं की साधारण व म्हणायचं, टीएच दिसलं की ह, एफएच दिसलं की काहीच नाही. एवढं कळलं तरी रस्ता विचारताना समोरच्याला तुमचं बोलणं समजतं.

पत्त्याची गोष्ट याहून अवघड. आयर्लंडच्या खेड्यांत घराला नंबर नसतो, रस्त्याला नाव नसतं. पत्ता म्हणजे माणसाचं नाव, टाउनलँड आणि जवळचं पोस्टाचं गाव. टाउनलँड म्हणजे आपली वाडीच समजा, फक्त घरं एकमेकांना लागून नाहीत, माळावर फेकल्यासारखी विखुरलेली. 2015 मध्ये प्रत्येक घराला सात अक्षरांचा एअरकोड मिळाला. पण त्यातली पहिली तीन अक्षरं एफ26, बेलमलेटला आणि साठ किलोमीटरवरच्या बॅलिनाला एकच. उरलेली चार मुद्दाम क्रमाने दिलेली नाहीत, शेजारच्या दोन घरांच्या कोडमध्ये काही नातं नसतं. नेट असलं की तो थेट दारात नेतो. नेट नसलं की त्या चार अक्षरांवरून काहीही कळत नाही. उरतो 1:50,000 चा कागदी नकाशा आणि माणसं.

म्हणून बेलमलेटमध्ये, दोन उपसागरांच्या मधल्या त्या चिंचोळ्या पट्टीवर, एका दुकानात शिरलो. पोस्टमन शनिवारी नसतो, नाहीतर पहिला त्याला गाठला असता. कार्डाची मशीन बंद, लोक रोख देऊन बॅटऱ्या, ब्रेड आणि मेणबत्त्या नेत होते. गल्ल्यावरच्या बाईंना यादीतलं आठवं नाव दाखवलं, कारण त्याच टाउनलँडमध्ये त्याच नावाच्या दोन बायका असल्याचं मला ठाऊक होतं.

"कोणती? टॉमची मेरी की पॅटच्या टॉमची?"

इथे आडनावं मोजकीच, म्हणून माणूस बापाच्या आणि आजोबाच्या नावाने ओळखला जातो. मधलं नाव वडिलांचं लावणाऱ्या आपल्याला हे लगेच कळतं. मी म्हटलं, ऑक्सिजनवाली.

"म्हणजे पॅटच्या टॉमची. बिचारी मंगळवारीच तर हॉस्पिटलातून घरी आली. मुलगी आहे तिच्याजवळ."

मंगळवारी घरी आली, हे यादीत कुठेच नव्हतं. यादीत डिसेंबरची भेट होती आणि प्रवाह 2 लिटर. फुप्फुसाच्या आजाराचा रुग्ण दाखल होऊन परत येतो तेव्हा प्रवाह बदललेला असण्याची शक्यता मोठी असते, आणि नवा कागद यंत्र देणाऱ्यांपर्यंत पोचायला काही दिवस लागतात. 2 लिटरने तिचे दोन एचएक्स 38 तास 20 मिनिटं, म्हणजे शनिवारी संध्याकाळी 7:20 पर्यंत पुरले असते. म्हणूनच ती आठवी होती. पण 3 लिटर झाला असेल तर? 4600 भागिले 3, 25 तास 33 मिनिटं. म्हणजे त्याच सकाळी 6:33. वर दोन सीडी धरले तर 11:39. घड्याळात 9:55 वाजले होते. मी यादी बाजूला ठेवली.

बाईंनी वाट सांगितली ती शब्दशः लिहून घेतली: चर्च सोडा, शाळेनंतरचा दुसरा फाटा, मध्ये गवताची रेघ असलेला, निळं फाटक, त्यावरचं घर नव्हे, त्यामागचं. मलेटवर झाडं जवळजवळ नाहीत, पण समुद्राने वाळू आणि गोटे रस्त्यावर आणून टाकले होते. एका ठिकाणी उतरून दहा मिनिटं गोटे बाजूला केले. 10:50 ला पोचलो.

प्रवाह 3 लिटरच होता. दुसऱ्या सीडीचा काटा लाल पट्ट्यात. सिलिंडर जास्त पुरावा म्हणून मुलीने वीस मिनिटांपूर्वी प्रवाह 2 वर आणला होता आणि बोटावरचं ऑक्सिमीटर 84 दाखवत होतं. अशा रुग्णांना डॉक्टर बहुधा 88 ते 92 ची मर्यादा घालून देतात. खाली जाणं वाईट, पण घाबरून प्रवाह 5 वर नेणंही वाईट, कारण मग रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस पेंगत जातो. फ्रीजवर लावलेल्या डिस्चार्जच्या कागदावर 3 लिहिलेलं वाचलं, नवा एचएक्स लावला, 3 वर ठेवला. दहा-बारा मिनिटांत 89. बाई डोळे उघडून मुलीला म्हणाल्या, "त्याला चहा दे."

चहाआधी खोली बघितली. टेबलावर दोन मेणबत्त्या, त्यांच्यापासून नळी हातभर अंतरावर. वीज गेलेल्या ऑक्सिजनच्या घरात खरा धोका हा. कपड्यांत, पांघरुणात ऑक्सिजन मुरलेला असतो, ठिणगी पडली तर विझवायला वेळ मिळत नाही. मेणबत्त्या विझवून डोक्याला लावायचा टॉर्च दिला. टर्फची, म्हणजे वाळवलेल्या पीटची शेगडी विझवता येईना, घर तिच्यावरच गरम होतं. म्हणून खुर्ची तीन मीटर मागे नेली, नळी भिंतीकडून घेतली. ओठांना लावलेलं व्हॅसलीन पुसून पाण्यात विरघळणारं जेल दिलं.

तीन एचएक्स ठेवले, 6900 लिटर, 38 तास 20 मिनिटं. प्रत्येकावर चिकटपट्टी लावून मार्करने वेळा लिहिल्या: पहिला शनिवारी रात्री 11:36 पर्यंत, दुसरा रविवारी दुपारी 12:23, तिसरा सोमवारी पहाटे 1:10. काटा लालमध्ये जाण्याची वाट न बघता पंधरा मिनिटं आधी बदलायचा आणि बदललेली वेळ शेजारी लिहायची. नवा सिलिंडर आधी उघडून काटा बघायचा, मग नळी काढायची. मुलीने माझ्यासमोर दोनदा करून दाखवलं.

बाकीची घरं जलद झाली. एका घरी जनरेटर मागच्या पडवीत, दाराला लागून चालू होता. तो बाहेर, वाऱ्याच्या खालच्या दिशेला नेला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि ऑक्सिमीटरलाही तो कळत नाही, बोटावर आकडा चांगलाच दिसतो. दुसऱ्या घरी जावई गाडीच्या लायटरच्या सॉकेटमधून इन्व्हर्टर लावून यंत्र चालवू पाहत होता. त्या सॉकेटचा फ्यूज 10 ते 15 अँपिअरचा, म्हणजे फार तर 180 वॅट. यंत्र 300 मागतं. फ्यूज गेला होता.

परतताना अंधार पडला होता. बेलमलेटपासून बँगरपर्यंत एकाही खिडकीत दिवा नव्हता. काही घरांत तो दोन आठवड्यांनीही लागला नाही.

रविवारी दुपारी 2 वाजता पुन्हा त्या घरी पोचलो. तिसरा एचएक्स लागलेला होता, काटा अजून हिरव्यात, ऑक्सिमीटरवर 90. माझ्या मार्करच्या आकड्यांशेजारी बॉलपेनने बारीक अक्षरात दोन वेळा लिहिलेल्या होत्या: 11:20, 12:05.