निसरडं

मे महिन्यातली दुपार. गच्चीवर एका बाजूला कोकमाची सोलं वाळत घातलेली, दुसऱ्या बाजूला घरातले गरम कपडे. पावसाआधी ज्याला ऊन दाखवलं नाही त्याला गोव्यातल्या आमच्या फोंड्यात आषाढात आपोआप लव फुटते, चामड्याच्या पट्ट्याला हिरवी, पुस्तकांना करडी. म्हणून हा वार्षिक विधी. मी सोलं परतायला वर गेलो होतो. परतता परतता त्या जाडजूड निळ्या कोटाच्या खिशात हात घातला (कोट दिसला की खिसे चाचपायची माझी जुनी खोड आहे, एकदा पन्नासाची नोट मिळाली होती) तर आत एक हातमोजा. डाव्या हाताचा. उजवा गुलमर्गच्या बर्फात कुठेतरी राहिला.

तो कोट आयुष्यात पाच दिवस वापरला. त्यातला एक दिवस स्कीइंगचा.

बेत अर्थातच लेकीचा. आमच्याकडे जानेवारीत पहाटे पारा अठरावर आला तरी माणसं कानटोपी घालून पोदेराकडून पाव घेतात, आणि ही आम्हाला चिल्लई कलानमध्ये काश्मीरला घेऊन निघाली. चिल्लई कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, तिथल्या थंडीचा कळस. आईला फोनवर सांगितलं की गुलमर्गचं जुनं नाव गौरीमार्ग होतं म्हणतात. ती म्हणाली, "मग गौरीच्या माहेरी जाताय. स्वेटर घाला." तिच्या लेखी एवढ्यात काश्मीर संपलं.

टंगमर्गच्या पुढे गाडीच्या चाकांना साखळ्या बांधल्या तेव्हाच मला समजायला हवं होतं की हे निसरड्याचं राज्य आहे.

आता निसरडं म्हटलं की आमची पिढी आतून ताठ होते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अंगण, विहिरीची पायरी, कुळागरातली (म्हणजे पोफळीच्या बागेतली) पाटाची कड, सगळं शेवाळलेलं. पोफळीचे फाळे आडवे टाकून त्यांवरून चालायचं. "सांबाळ रे, निसरता!" हे वाक्य मी आईच्या तोंडून जेवढ्या वेळा ऐकलं असेल तेवढ्या वेळा माझं नावसुद्धा ऐकलं नसेल. पायाची बोटं आत वळवून जमीन धरत, अंग किंचित मागे टाकून चालणं हे आमचं पहिलं शिक्षण. अक्षरओळख नंतर. भाषासुद्धा त्याच बाजूची. जीभ घसरते, भाव घसरतात, पोरगं दहावीनंतर घसरतं. चांगलं कोण घसरलंय?

आणि इथे पैसे मोजून घसरायचं.

आधी बूट. चार चाप असलेला, प्लास्टिकचा, नडगीपर्यंत. तो घालून चालायला लागलो तर दशावतारातला राक्षस रंगमंचावर येतो तशी माझी चाल. पण खरी गोची पुढे होती. बोटं आत वळवायला गेलो तर बुटात जागाच नाही. पन्नास वर्षांचं शिक्षण चार चापांत बंद. त्यावर माणसाएवढी लांब पट्टी खटकन अडकली, दुसऱ्या पायाला दुसरी, आणि मी उभ्या उभ्याच मागे जायला लागलो.

शिकवायला एक पंचविशीतलं काश्मिरी पोर होतं. कमालीचं शांत. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची, टाचा लांब ढकलायच्या, पिझ्झाच्या तुकड्यासारखा आकार झाला की वेग मोडतो. इथपर्यंत कळलं. मग तो म्हणाला, "सर, आगे झुको. नीचे की तरफ." उताराच्या दिशेने झुकायचं! नडगी बुटाच्या जिभेवर टेकली पाहिजे म्हणे. मागे रेललं की पुढची टोकं हलकी होतात आणि पट्ट्या तुमचं ऐकत नाहीत. डोक्याने पटलं. अंगाला कोण सांगणार? उतार दिसला रे दिसला की अंग मागे, विहिरीच्या पायरीवर असल्यासारखं, आणि मी बर्फात. अकरा वेळा. लेक मोजत होती. ती स्वतः तासाभरात वळायला शिकली. तिचं बालपण टाईल्सवर गेलंय.

पडायचं कसं तेही त्याने शिकवलं. पुढे नाही, सरळ मागे नाही, हात टेकायचे नाहीत. बाजूला, चढाच्या अंगाला, कुशीवर. ते मात्र मला पहिल्या फटक्यात जमलं.

दुपारी गंडोला, म्हणजे डोंगरावर नेणारा रोपवे, घेतला. १९९८ मध्ये पहिला टप्पा झाला, गुलमर्ग ते कोंगडोरी, आणि २००५ मध्ये दुसरा, थेट अफरवट शिखराच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जरासं खाली. आपला सत्तरीतला सोनसोगड, गोव्यातला सगळ्यांत उंच, तो बाराशेलाही पोचत नाही. वर वारा सुटला म्हणून दुसरा टप्पा बंद होता. मला तेवढंच बरं वाटलं. कोंगडोरीला कहवा पीत वरून उतरणारी माणसं बघत बसलो. सुई कापडातून जावी तशी ती डोंगरातून जात होती, मागे फक्त टाके.

उन्हं कलताना पुन्हा खाली आमच्या बालवर्गात आलो, आणि बाराव्या खेपेला काय झालं देव जाणे, पडलो नाही. चाळीसेक पावलांचा उतार असेल. कानाशी वारा, पायाखाली बारीक खरखर, बाकी काही नाही. आणि नाकात एकदम तांबड्या मातीचा वास.

विरी! पोफळीची विरी. भर दुपारी कुळागरात वरून सरसर करत यायची आणि धप्प पडायची. झावळीचं ते रुंद, चामड्यासारखं बूड, बाहेरून गुळगुळीत, आतून पांढरं. त्यात मांडी घालून बसायचं, पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरायचा आणि घरामागच्या घाटीवरून सोडून द्यायचं ते खाली पाटाशी. ब्रेक नाही, वळण नाही, झुकायचं कुठे याचा विचार नाही. चड्डीवर मागे तांबडे दोन गोल उमटायचे आणि ते कधीच जायचे नाहीत, नवी चड्डी आली तरी आठवड्यात तेच. आईच्या त्या पाठांतराला मुलखात एवढाच एक अपवाद होता, तोही ती झोपलेली असेपर्यंत. तिच्या नकळत मला घसरता येत होतं तर. मधली चाळीस वर्षं विसरलो होतो.

हातमोजा बहुतेक तिथेच पडला, त्या आनंदात.

रात्री आईला फोन केला. "पैसे देऊन पडलास?" एवढंच तिने विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, पुढे झुकायचं, हात टेकायचे नाहीत, कुशीवर पडायचं. ती खूप हसली.

त्याच वर्षी श्रावणात ती मागल्या दारी धुण्याच्या दगडापाशी घसरली. सकाळीच मी म्हटलं होतं, ब्लीचिंग टाकतो, थांब. पडताना तिने हात टेकले नाहीत. अगदी बाजूला, कुशीवर. माझं ऐकून नव्हे, तेवढा वेळ कुणाला मिळतो? पण खाली बर्फ नव्हता, चिरा होता. खुबा मोडला.

आता वॉकर घेऊन माजघरापर्यंत येते. गच्ची तिला तीन वर्षांत दिसलेली नाही.

"परतलीस का रे सोलं?" खालून हाक आली.

परतली म्हटलं. मोजा कोटाच्या खिशात होता तसा ठेवून दिला.