डिस्क बेंड झालीच नव्हती

गाडीमालक माझ्या गॅरेजमध्ये आले तेव्हा त्यांच्या हातात सुट्या भागांची खोकी होती आणि निर्णय घेऊन झालेला होता. एका खोक्यात पुढच्या चाकांसाठी भोके पाडलेल्या दोन ब्रेक डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या, आणि दुसऱ्यात त्या चकत्यांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे सिरॅमिक पॅड होते. त्यांच्या पिकअपचा ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरत होते आणि पेडल पायाखाली धडधडत होते. "डिस्क पुन्हा बेंड झाली आहे, या वेळी सगळ्यांत चांगला माल आणला आहे, तेवढा बसवून द्या," असे ते म्हणाले. त्यातला 'पुन्हा' हा शब्द मला टोचला, कारण गाडीवर असलेल्या डिस्क दहा महिन्यांपूर्वी मीच बसवल्या होत्या. त्याआधीची जोडी त्यांनी दुसरीकडे बसवून घेतली होती आणि तीही वर्ष पुरे होण्याआधीच थरथरू लागली होती.

चाके काढण्यापूर्वी मी त्यांना गाडीच्या कामाविषयी विचारले, कारण ब्रेकचे साहित्य गाडीच्या नावावरून नव्हे, तर तिला किती उष्णता पचवायची आहे यावरून निवडावे लागते. गाडी रिकामी असताना साधारण २००० किलोची आहे, परंतु ती रिकामी क्वचितच धावते. हौद्यातला माल आणि मागचा, स्वतःचे ब्रेक नसलेला लहान ट्रेलर धरून वजन ३००० किलोंपर्यंत जाते आणि रोजच्या वाटेवर जवळजवळ ३०० मीटर उंचीचा सलग उतार आहे. मी कागदावर आकडेमोड करून दाखवली. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे ३००० किलो थांबवायचे म्हणजे सुमारे ७४० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता करायची. त्यातली सत्तर टक्के पुढच्या ब्रेकवर येते असे धरले, तर दहा किलोची एकेक डिस्क एका दमात पंचावन्न अंशांनी तापते. एवढे ठीक आहे; पण तो ३०० मीटरांचा उतार उतरताना सुटणारी ऊर्जा ८८०० किलोज्यूल, म्हणजे अशा बारा थांब्यांएवढी भरते. त्यातला काही वाटा इंजिन आणि हवा उचलतात, राहिलेला सगळा ब्रेकच्या माथी येतो, आणि दोन थांब्यांच्या मध्ये मिळते तशी गार होण्याची उसंत तिथे मिळत नाही.

त्यांनी आणलेली डिस्क वजनकाट्यावर ठेवली, तर ती गाडीवरच्या डिस्कपेक्षा अर्ध्या किलोहून जास्त हलकी भरली. भोके पाडलेली डिस्क दिसायला देखणी असते, परंतु जिथे भोक आहे तिथे उष्णता साठवायला लोखंड नसते, आणि वारंवार तापून गार होणाऱ्या डिस्कला तडा जायचा तर तो बहुधा भोकाच्या कडेपासूनच सुरू होतो. गार करण्याचे खरे काम दोन पृष्ठांच्या मधल्या पोकळीतली पाती करतात, आणि ती साध्या डिस्कलाही असतात.

पॅडच्या बाबतीत 'सिरॅमिक' या शब्दाचा दबदबा मोठा आहे. हे पॅड आवाज कमी करतात, चाकावर काळी धूळ कमी बसवतात, आणि रोज एकट्यादुकट्याने फिरणाऱ्या गाडीला मी तेच सुचवतो. मात्र एकाच नावाखाली फार वेगवेगळी मिश्रणे विकली जातात, म्हणून मी खोक्यावरचा मजकूर सोडून पॅडच्या कडेवरची बारीक छपाई वाचतो. तिथल्या संकेताच्या शेवटी दोन अक्षरे असतात. पहिले नेहमीच्या तापमानातील घर्षणांकाचे, म्हणजे पकडीच्या मापाचे, आणि दुसरे तापलेल्या अवस्थेतील. 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि 'ई' म्हणजे ०.२५ ते ०.३५. मालकांनी आणलेल्या पॅडवर 'एफई' होते, म्हणजे सकाळी गल्लीत उत्तम पकड देणारा हा पॅड त्या उताराच्या तळाशी, जिथे त्याची खरी गरज, तिथेच ढिला पडण्याची शक्यता होती. ही अक्षरे पॅड किती टिकेल किंवा किती कुरकुरेल हे सांगत नाहीत. पण जे सांगतात ते इथे पुरेसे होते.

इथपर्यंत मी मोठ्या आत्मविश्वासाने बोलत होतो. मग चाके काढली.

डिस्कवर अति तापल्याचे निळसर डाग नव्हते, तडे नव्हते. मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजली. नवी असताना २८ मिलिमीटर आणि किमान मर्यादा २६, ती डिस्कवर कोरलेलीच असते. डाव्या डिस्कची जाडी सगळीकडे सारखी होती. उजवीची मात्र २७.५८ पासून २७.६२ पर्यंत बदलत होती. हा ०.०४ मिलिमीटरचा फरक केसाच्या जाडीहूनही कमी आहे. तरीही पाय थरथरायला तो पुरतो, कारण जाड भाग पॅडमध्ये शिरला की पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलला जातो आणि तो धक्का ब्रेकच्या तेलावाटे थेट पेडलपर्यंत पोहोचतो. ज्याला सगळे 'डिस्क बेंड झाली' म्हणतात, ते बहुतेक वेळा हेच असते.

जाडी अशी एकाच बाजूला का बदलावी, हे पाहण्यासाठी नटांनी डिस्क घट्ट आवळून डायल गेज, म्हणजे फिरताना होणारी डगमग काट्याने दाखवणारे माप, लावला आणि ती हाताने फिरवली. काटा ०.११ मिलिमीटर हलला. एवढ्या गाडीला ०.०५ च्या वर मी जाऊ देत नाही. डिस्क काढून गेज हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागावर, लावला, तर काटा जेमतेम ०.०२ हलला. म्हणजे हब सरळ होता आणि दोष दोघांच्या मधल्या बैठकीत होता. हबच्या पृष्ठभागावर, एका बोल्टाच्या मुळाशी, नखाएवढी गंजाची कडक खपली होती, आणि डिस्कच्या मागे तिचा ठसा स्पष्ट उमटला होता.

डिस्क त्या खपलीवर किंचित तिरकी बसली होती. ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्यात तिचा पुढे आलेला भाग पॅडला ओझरता घासत राहिला आणि हजारो किलोमीटरांत तेवढाच भाग झिजला. म्हणूनच दोन्ही जोड्या पहिले काही महिने निर्दोष वाटल्या. मला ती संध्याकाळ आठवली. दोन गाड्या खोळंबल्या होत्या आणि मी हब नुसता फडक्याने पुसून डिस्क चढवली होती. फडक्याने धूळ जाते, गंज जात नाही, हे मी शिकाऊ मुलांना शिकवतो.

खरे सांगायचे तर त्या क्षणी एक सोपी वाट समोर होती. आणलेला माल गुपचूप बसवला असता, तर थरथर लगेच थांबली असती आणि पुढचे काही महिने परत आली नसती.

"म्हणजे डिस्क खराब नव्हत्याच?" मालकांनी विचारले.

"नव्हत्या. बसवणारा चुकला."

"कोण, पहिला की दुसरा?"

"दोघेही. दुसरा मी."

ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने वाकून म्हणाले, "तो काटा पुन्हा एकदा फिरवून दाखवा." मी खपलीसकट डिस्क परत चढवून दाखवली, त्यांनी ती स्वतःच्या हाताने तीनदा फिरवली.

पुढचे काम सरळ होते. दोन्ही हब धातूच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासले आणि दोन्ही डिस्क गाडीवरच लेथ लावून अगदी थोड्या, २७.३ मिलिमीटरपर्यंत, साफ करून घेतल्या. मर्यादा २६ ची असल्याने नव्या डिस्कची गरज उरली नाही. पॅड मात्र बदलले, कारण डाव्या कॅलिपरची, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाची, तो ज्यावर सरकतो ती एक स्लाइड पिन सुकून अडकली होती आणि तिथला आतला पॅड ४ मिलिमीटरवर आला असताना बाहेरचा ७ वर होता. पिना साफ करून ब्रेकचे ग्रीस भरले आणि दोन्ही बाजूंना 'एफएफ' अक्षरांचे सेमी-मेटॅलिक, म्हणजे मिश्रणात धातू असलेले, पॅड घातले. ते थोडी जास्त धूळ करतील आणि गारठ्यात सुरुवातीला कुरकुरतील, याची कल्पना मालकांना आधीच दिली. ब्रेकचे तेलही बदलले. ते हवेतला ओलावा शोषते, आणि ताजे असताना किमान २३० अंशांना उकळणाऱ्या डॉट ४ दर्जाच्या तेलासाठी ओलावा शोषल्यानंतरची किमान मर्यादा १५५ अंशांचीच आहे. चाकांचे नट टॉर्क रेंचने, समोरासमोरचे एकाआड एक, आवळले.

शेवटी मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १० पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवला, पूर्ण न थांबता, आणि मग ब्रेक गार होईपर्यंत गाडी तशीच चालवली, म्हणजे पॅडचा थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो. गाडी मालक चालवत होते, मी शेजारी बसलो होतो. पेडल शांत होते.

मी मजुरी घेतली नाही. फक्त पॅड आणि तेलाचे बिल केले. ते त्यांनी वाचले आणि परत माझ्यापुढे सरकवले. "यावर तो काट्याचा आकडा लिहा," ते म्हणाले, "दोन्ही चाकांचा." मी लिहिले: डावे ०.०२, उजवे ०.०३. त्यांनी आणलेली खोकी न वापरताच गाडीच्या हौद्यात परत गेली.