आमची वाटचाल: एका लेथपासून पाच मशीनपर्यंत

आबांनी 1988 साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एक जुना लेथ, म्हणजे धातूचा भाग फिरवून कापायचं यंत्र, मांडला. ऑइल इंजिनाचे सुटे भाग टर्निंग करून द्यायचे, एवढंच काम. मी 2009 मध्ये धंद्यात आले तोवर आम्ही शिरोली एमआयडीसीत आलो होतो. फाउंड्रीतून येणारं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, मशिनिंग करून पंपाच्या आणि ट्रॅक्टरच्या कारखान्यांना द्यायचो. आजही तेच करतो. दोन सीएनसी आणि तीन व्हीएमसी, ही संगणकावर चालणारी मशीन, आणि चौदा माणसं. मालकी आबांच्या नावावर, प्रोप्रायटरी, म्हणजे एकाच मालकाची फर्म.

2019 मध्ये आमच्या फोरमनकाकांनी आणि मी एक फिक्श्चर, म्हणजे मशीनवर भाग पकडून ठेवायची चौकट, बनवलं. एका वेळी चार हाउसिंग (भागांची कवचं) धरायचं, सेटिंगचा वेळ निम्म्यावर आला. हे बाहेर विकता येईल असं वाटलं. त्याच फेब्रुवारीत सरकारने मान्यतेसाठी स्टार्टअपच्या वयाची मर्यादा 7 वरून 10 वर्षं केली होती, म्हणून मी उत्साहाने सीएंकडे गेले. त्यांनी नियम वाचून दाखवले. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी हवी, प्रोप्रायटरी चालत नाही. चालू धंदा फोडून नवी कंपनी काढली तरी मान्यता नाही. काका काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

स्टार्टअपना मिळणाऱ्या मदतीबद्दल माझी तक्रार नाही. ज्याचा माल अजून बनायचाच आहे, तारण ठेवायला काही नाही, त्याला बँक उभं करत नाही. त्याला बीज भांडवल हवं, तीन वर्षं आयकरात सूट हवी. आमचं दुखणं वेगळं आहे. आमचा माल बनलेला असतो, गिऱ्हाइकाच्या इंजिनात बसलेलाही असतो. फक्त पैसे आलेले नसतात.

2021 मध्ये एका पार्टीकडे आमचे अकरा लाख सात महिने अडकले. बँकेच्या सीसीची (कॅश क्रेडिट कर्जाची) मर्यादा संपली, त्या दिवाळीला बोनससाठी आईच्या पाटल्या तारण ठेवल्या. कायदा आमच्या बाजूने होता. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात 45 दिवसांच्या आत पैसे देणं बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. दाद मागायला त्याच कायद्याखालची परिषद आहे, 2017 मध्ये तक्रारीसाठी समाधान पोर्टलही आलं होतं. पण आमचं चाळीस टक्के काम त्याच पार्टीचं होतं. आबा म्हणाले, “पोरी, दावा लावलास तर उद्यापासून टेम्पो यायचा बंद.” आम्ही दावा लावला नाही. पैसे आले, व्याजाचा विषय कुणी काढला नाही.

मग आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम आलं. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी वजा मिळेल. 2024 च्या मार्चमध्ये गिऱ्हाइकांच्या हिशेबनिसांचे फोन स्वतःहून आले: तुम्ही लघुउद्योग असल्याचं उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र पाठवा. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मार्चअखेर आमची जुनी येणी शून्यावर आली. एका गिऱ्हाइकाने मात्र “नोंदणी रद्द करा, मग काम देतो” असं सुचवलं. ते काम आम्ही सोडलं.

यातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. तक्रार आमच्याकडून करवून घेणारा कायदा कपाटात राहतो. गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या करात दुखणारा नियम आपोआप चालतो. पण तोही वर्षअखेरीलाच टोचतो. जूनमध्ये पैसे पुन्हा नव्वद दिवसांनी यायला लागतात.

दरमहा टोचेल अशी जागा जीएसटीत आहे. आमच्या बिलावरचा कर आम्ही पैसे न मिळताही पुढच्या महिन्यात भरतो. गिऱ्हाईक त्याचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, लगेच घेतं, आणि ते परत करायची वेळ त्याच्यावर येते बिलाच्या तारखेपासून 180 दिवस पैसे दिले नाहीत तर. एक कायदा 45 दिवस म्हणतो, दुसरा 180. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या बिलांपुरते हे 180 दिवस 45 वर आणा, एवढंच माझं मागणं आहे. याला अनुदान लागत नाही, नवं कार्यालय लागत नाही.

आमच्या संघटनेने या मागणीचं निवेदन तयार केलं आहे. त्याला आम्ही आमची तीन बिलं जोडली, पार्टीचं नाव झाकून: बिलाची तारीख, आम्ही कर भरल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख. निवेदनावर आबांनी सही केली, आणि खाली फोरमनकाकांनीही.